वीस दिवसांचा संशय : ‘फॉरब्रूडेल्सेन’ आणि तिचे तीन देशांतले प्रेक्षक

गुप्तहेरकथेचा वाचक आणि गुप्तहेरमालिकेचा प्रेक्षक या दोघांना आपण सहसा एकाच रांगेत बसवतो. दोघांनाही ‘खुनी कोण?’ याचेच कुतूहल असते, असे गृहीत धरतो. पण वाचक पाने उलटून शेवटावर जाऊ शकतो. मालिका ठरावीक वारी दाखवली जात असेल, तर प्रेक्षकाला ती सोय नसते. त्याला पुढच्या आठवड्यापर्यंत थांबावे लागते, आणि थांबलेला माणूस गप्प बसत नाही. तो मत बनवतो, ते घरात आणि कचेरीत बोलून दाखवतो, पुढच्या भागात खोटा ठरतो आणि नवे मत बनवतो. अशा मतांचा अभ्यास करायचा, तर कोपनहेगन शहरात घडणारी ‘फॉरब्रूडेल्सेन’ ही डॅनिश मालिका हाताशी धरण्यासारखी आहे. या शब्दाचा साधा अर्थ ‘गुन्हा’. इंग्रजी जगात ती ‘द किलिंग’ या नावाने ओळखली जाते.

ही मालिका डेन्मार्कमध्ये २००७ साली दाखवली गेली. २०११ साली ती मूळ भाषेतच ब्रिटनमध्ये पोहोचली, आणि त्याच वर्षी तिची नवी आवृत्ती अमेरिकेत सुरू झाली. म्हणजे एकाच कथेला तीन देशांतले प्रेक्षक लाभले आणि तिघांची मते तीन तऱ्हांची झाली. डेन्मार्कने तिच्यात स्वतःला तपासले, ब्रिटनने तिच्यावर प्रेम केले, आणि अमेरिका तिच्यावर चिडली. असे का व्हावे, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे. दुसरा प्रश्न त्याच्या पोटातला आहे. ज्या मालिकेचा विषयच ‘मत किती घाईने बनते आणि ते कुणाला भोवते’ हा आहे, तिच्याविषयी प्रेक्षकाने बनवलेले मत आपण कसे वाचावे?

खुनी कोण, हे या लेखात सांगितलेले नाही. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांचा तो हक्क आहे, आणि पुढच्या विवेचनाला त्याची गरजही नाही.

घडण

कथेचा गाभा थोडक्यात असा. नोव्हेंबर महिना. नान्ना बिर्क लार्सन ही एकोणीस वर्षांची मुलगी बेपत्ता होते आणि कालव्याच्या पाण्यातून काढलेल्या मोटारीच्या डिकीत तिचा मृतदेह सापडतो. मोटार निघते ट्रोल्स हार्टमन या राजकारण्याच्या प्रचारकार्यालयाची. तो कोपनहेगनच्या महापौरपदासाठी उभा आहे आणि निवडणूक तोंडावर आली आहे. तपास सारा लुन या पोलीस अधिकारी बाईंकडे येतो. खरे तर त्यांचा नोकरीतला हा शेवटचा दिवस आहे. होणारा नवरा आणि मुलगा यांच्यासह त्या स्वीडनला राहायला निघाल्या आहेत, आणि त्यांच्या जागी आलेला यान मायर टेबल रिकामे होण्याची वाट पाहतो आहे. त्या जात नाहीत. वीस भाग, वीस दिवस, प्रत्येक भागात एक दिवस.

या कथेला तीन दावणी आहेत : पोलीस, नगरसभागृह आणि मुलीचे घर. पहिल्या दोन कुठल्याही चांगल्या गुन्हेमालिकेत सापडतात. तिसरी सहसा पहिल्या वीस मिनिटांत आटोपते. आई हंबरडा फोडते, बाप खांबाला टेकतो, आणि कॅमेरा पोलीसठाण्यात परततो. इथे तसे होत नाही. बाप तीस घरसामान हलवण्याचा धंदा करतो, खाली गाड्या आणि वर राहते घर. आई पेर्निले, आणि दोन लहान मुलगे. वीसही भाग मालिका पुन्हापुन्हा या घरात जाते. मुलग्यांना कसे सांगायचे, अंत्यविधी कधी करायचा, तिच्या खोलीचे दार उघडे ठेवायचे की बंद, धंद्यात आलेली कामे नाकारायची की घ्यायची, असल्या साध्या गोष्टींत तिचा वेळ जातो. पहिल्याच भागात मृतदेह सापडतो त्या जागी बाप पोचतो, तेव्हा आई फोनवर असते. तिला दिसत काहीच नाही, नवऱ्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. प्रेक्षकालाही बातमी अशी कानातूनच कळते.

या घडणीमागे एक संस्था आहे. ‘डी.आर.’ ही डेन्मार्कची सार्वजनिक प्रसारणसंस्था त्या काळी घरोघरच्या परवानाशुल्कावर चालत असे. तिच्या नाट्यविभागाने, विशेषतः इंगोल्फ गाबोल्ड विभागप्रमुख असताना, काही नेम ठरवून घेतले होते. एक म्हणजे लेखकाची दृष्टी सर्वांत वर. निर्माता, दिग्दर्शक आणि वाहिनी यांनी तिला सांभाळायचे. दुसरा म्हणजे ‘दुहेरी कथा’. वरवरची गोष्ट कितीही रंगतदार असो, तिच्याखाली समाजाला लागू पडणारी एक नैतिक गोष्ट असलीच पाहिजे. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने लोकांना नुसते गुंगवून ठेवू नये, असा त्याचा आशय. लेखक सोरेन स्वाइस्ट्रुप यांनी सारा लुनचे पात्र सोफी ग्रोबोल या अभिनेत्रीला डोळ्यांसमोर ठेवून लिहिले. खुनी कोण हे त्यांनी नटांनाही सांगितले नव्हते. संहिता भागागणिक हाती पडत असे. त्यामुळे पडद्यावरचा प्रत्येक संशयित, आपणच खुनी असू किंवा नसू, अशा दोलायमान अवस्थेत वावरतो. हे अभिनयाचे तंत्र म्हणून जितके उपयोगी ठरले, तितकेच कथेचे तत्त्व म्हणूनही ठरले.

स्वतःच्या शहरातला प्रेक्षक

डॅनिश प्रेक्षकाने ही मालिका रविवारी रात्री आठला पाहिली. ही तिथली कुटुंबाने एकत्र बसण्याची वेळ. ७ जानेवारी २००७ रोजी पहिला भाग झाला. मार्चमध्ये दहा भाग संपले आणि कथा मध्यावर थांबली. पुढचे दहा भाग सप्टेंबरमध्ये सुरू होऊन २५ नोव्हेंबरला संपले. म्हणजे कथेतले वीस दिवस डेन्मार्क अकरा महिने जगला, आणि त्यातले सहा महिने तर एकही नवा भाग न पाहता. साडेचोपन्न लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात एखाद्या नान्नाचा खुनी हा इतका काळ घराघरातला विषय राहणे, ही घटना मालिकेच्या यशापेक्षा मोठी आहे.

या प्रेक्षकाला शहर ओळखीचे होते, आणि त्याला दाखवलेले शहर मात्र पत्रिकेवर छापण्यासारखे नव्हते. न्यूहाव्नची रंगीत घरे नाहीत, जलपरीचा पुतळा नाही. आहेत ती नगरसभागृहाची लांब दालने, पोलीस मुख्यालयाचे थंड दगडी जिने, वेस्टरब्रो या एकेकाळच्या कामकरी वस्तीतली घरे, आणि आमागर बेटाच्या कडेची काल्वेबोड फेलेड ही ओसाड भूमी. १९४०च्या दशकात बांध घालून समुद्राकडून मिळवलेली ही जमीन. तिच्यावर उगवलेल्या झाडीतून नान्ना धावते, तिथेच कथा सुरू होते. राजधानीच्या इतक्या जवळ इतकी निर्मनुष्य जागा आहे, ही गोष्ट कोपनहेगनवासीयांना ठाऊक असणार, पण त्यांनी ती अशी पाहिली नसेल. त्यात नोव्हेंबर, म्हणजे दुपारी चारच्या सुमारास मावळणारा सूर्य. पावसात भिजलेला रस्ता आणि विजेरीचा झोत ही या मालिकेची ठरलेली चित्रे तिथल्या हवामानातूनच आलेली आहेत.

डॅनिश प्रेक्षकाची खरी परीक्षा मात्र शहरापेक्षा एका पात्राने घेतली. नान्नाच्या शाळेतला शिक्षक रामा हा स्थलांतरित कुटुंबातला, शिकलेला, सुसंस्कृत माणूस. हार्टमनच्या एकात्मतेच्या कार्यक्रमात तो ‘आदर्श’ म्हणून पुढे केलेला आहे. त्याची बायको गरोदर आहे. तपासाची सुई त्याच्याकडे वळते, कारण तो काहीतरी लपवतो आहे हे उघड आहे. बातमी फुटते. नगरसभागृहात हार्टमनचे विरोधक त्याच्यावर तुटून पडतात. मुलीचा बाप आणि त्याचा माणूस त्या शिक्षकाला गाडीत घालून नेतात आणि त्याला मारहाण होते. पुढे कळते, की लपवलेली गोष्ट निराळीच होती आणि तिच्यात लाज वाटण्यासारखे काही नव्हते.

हे भाग जेव्हा दाखवले गेले, तेव्हा पैगंबरांच्या व्यंगचित्रांवरून उठलेल्या वादळाला जेमतेम वर्ष झाले होते. ‘युलंड्स-पोस्टेन’ या वृत्तपत्राने ती चित्रे सप्टेंबर २००५ मध्ये छापली आणि २००६च्या सुरुवातीला डेन्मार्कच्या वकिलाती पेटल्या. देशातले सरकार स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या पक्षाच्या पाठिंब्यावर उभे होते. अशा वेळी रविवारी रात्री, घरच्यांबरोबर बसून, प्रेक्षकाने रामावर संशय घेतला. त्याला तसे करायला मालिकेनेच भाग पाडले. पुरावे तसे मांडले, संगीत तसे वाजवले. मग त्याच्या समोर तो निर्दोष आहे हे ठेवले आणि पुढच्या संशयिताकडे निघून गेली. प्रेक्षकही निघून गेला. रामाचे पुढे काय झाले, त्याच्या घरात त्या रात्रीनंतर काय बोलणे झाले, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

मला वाटते, ही मालिकेतली सर्वांत कठोर जागा आहे. आपण एका माणसाला आठवडाभर दोषी ठरवले होते याचा विसर आपल्याला किती सहज पडतो, ते ती आपल्याच अनुभवातून दाखवते. ‘दुहेरी कथा’ या नेमाचा अर्थ इथे नेमका कळतो. वरची कथा खुन्याच्या शोधाची. खालची कथा संशयाच्या किमतीची. ती किंमत प्रत्येक निर्दोष पात्र भरते. हार्टमनचेही तेच. एका खाजगी दुःखाची गोष्ट सांगण्याची त्याला लाज वाटते, म्हणून तो गप्प राहतो, आणि गप्प राहिला म्हणून संशयित ठरतो. अखेर त्याच्या पदरी खुर्ची पडते. पण पहिल्या भागातला स्वच्छ मनाचा हार्टमन तोवर उरलेला नसतो.

उपशीर्षके वाचणारा प्रेक्षक

ब्रिटनमध्ये ‘बीबीसी फोर’ या वाहिनीने २२ जानेवारी २०११ पासून दर शनिवारी रात्री दोन-दोन भाग दाखवले. वीस दिवसांचा तपास दहा आठवड्यांत संपला. भाषा डॅनिश, खाली इंग्रजी उपशीर्षके. परभाषेतली मालिका मूळ आवाजात पाहण्याची सवय ब्रिटिश प्रेक्षकाला फारशी नव्हती. याच वाहिनीवर फ्रेंच आणि स्वीडिश गुन्हेमालिका आधी येऊन गेल्या होत्या, पण त्यांचा प्रेक्षक मर्यादित होता. ही मालिका मात्र त्या कुंपणाबाहेर गेली. त्याच वर्षी तिला ‘बाफ्टा’चा आंतरराष्ट्रीय मालिकेचा पुरस्कार मिळाला, तोही ‘मॅड मेन’ आणि ‘बोर्डवॉक एम्पायर’ या गाजत्या अमेरिकन मालिकांना मागे टाकून.

हे प्रेम कशावर होते? सर्वांत जास्त बोलणे झाले ते एका स्वेटरविषयी. सारा लुन वापरतात तो लोकरी स्वेटर फेरो बेटांवरच्या ‘गुड्रुन अँड गुड्रुन’ या दोघींच्या व्यवसायात विणलेला आहे. त्याची मागणी इतकी वाढली, की नकला निघाल्या आणि घरोघरी लोक त्याचे नमुने विणू लागले. २०१२ साली राजघराण्यातल्या कॅमिला डेन्मार्कच्या दौऱ्यावर असताना चित्रीकरणाच्या जागी गेल्या, तेव्हा त्यांनाही तोच भेट म्हणून देण्यात आला. वरवर पाहता हा थिल्लरपणा आहे. पण जरा थांबून पाहिले, तर त्या स्वेटरविषयीच्या मतात एक समीक्षा दडलेली दिसते. पडद्यावरची पोलीस बाई म्हटली की तिचे कपडे पुरुषाच्या नजरेसाठी निवडलेले असतात, हा अनुभव प्रेक्षकाच्या पाठीशी होता. सारा लुन तोच स्वेटर दिवसेंदिवस घालतात, कारण त्या कपड्यांचा विचारच करत नाहीत. तो स्वेटर निवडण्यात ग्रोबोल यांचा स्वतःचा हात होता, आणि रूपाचा वापर न करता काम करणारी बाई दाखवायची हा त्यामागचा हेतू त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितला. ब्रिटिश प्रेक्षकाने हेतू न ऐकताच तो ओळखला आणि तो लोकरीच्या भाषेत बोलून दाखवला.

दुसरी गोष्ट उपशीर्षकांची. एरवी दूरदर्शनसंच चालू असताना माणूस भाजी निवडतो, इस्त्री करतो, फोनवर बोलतो. भाषा कळत असेल तर कान पुरतात. भाषा कळत नसेल तर डोळे पडद्यावरच ठेवावे लागतात. या मालिकेत चेहऱ्यांवर बरेच काही घडते, बोलण्यात थोडे. सारा लुन मोकळ्या खोलीत उभ्या राहतात आणि बघतात. पेर्निले भांडी धुता धुता थांबते. उपशीर्षक वाचण्यासाठी खिळलेली नजर अशा जागी आपोआप चेहऱ्यावर राहते. भाषेचा अडसर इथे लक्ष एकवटायला उपयोगी पडला. ब्रिटिश प्रेक्षकाला मालिका ‘संथ असूनही सोडवत नाही’ असे वाटले, त्याचे एक कारण मला हे दिसते.

तिसरे कारण राजकारणाचे. मे २०१० मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर प्रथमच आघाडीचे सरकार आले होते. कोपनहेगनच्या नगरसभागृहातली पाठिंब्याची घासाघीस, रात्री ठरलेला शब्द सकाळी फिरवणे, हे सारे त्या प्रेक्षकाला परके असले तरी एकाएकी ओळखीचे झाले होते.

असे असले तरी ब्रिटिश प्रेक्षकाच्या प्रेमात एक उणीव राहिली, आणि ती अंतरामुळे राहिली. त्याच्यासाठी कोपनहेगन हे एक वातावरण होते : पाऊस, दिवे, मौन. पुढे ‘नॉर्डिक न्वार’ या नावाचा एक मालच बाजारात आला आणि चित्रीकरणाच्या जागा दाखवणाऱ्या पायी सहली निघाल्या. रामाच्या वाट्याचा प्रसंग डॅनिश प्रेक्षकाला आरशासारखा समोर आला असेल. दूरच्या प्रेक्षकाला तो कथानकातला एक वळसा वाटणे सोपे होते. परक्या शहरातली मालिका पाहण्यातला हा धोका आपणही ध्यानात ठेवावा. तिथले दुःख आपल्याला हवामानासारखे वाटू लागते.

चिडलेला प्रेक्षक

अमेरिकन आवृत्ती ‘एएमसी’ या जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिनीवर ३ एप्रिल २०११ रोजी सुरू झाली. वीणा सूद यांनी ती घडवली. शहर सिअ‍ॅटल, पाऊस तसाच, मुलीचे नाव रोझी लार्सन. जाहिरातीत एकच प्रश्न होता : रोझी लार्सनला कुणी मारले? पहिल्या पर्वात तेरा भाग होते. जून महिन्यात तेरावा भाग झाला आणि उत्तर मिळाले नाही. नुसते मिळाले नाही असेही नाही. संशयित राजकारण्याला अटक झाली, उत्तर सापडल्याचा भास झाला आणि शेवटच्या मिनिटांत कळले, की पुरावा म्हणून दिलेले छायाचित्र खुद्द तपासातल्या पोलिसाने बनावट तयार केलेले आहे. बाकीचे पुढच्या वर्षी.

समीक्षक आणि प्रेक्षक दोघेही संतापले. हा विश्वासघात आहे, असा एकूण सूर होता. दुसऱ्या पर्वात, जून २०१२ मध्ये, सव्विसाव्या भागात उत्तर मिळाले (खुनीही मूळ मालिकेपेक्षा वेगळा). पण तोवर बराच प्रेक्षक उठून गेला होता. वाहिनीने मालिका बंद केली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद केली. शेवटचे पर्व २०१४ साली ‘नेटफ्लिक्स’वर आले.

या रागाचे सोपे स्पष्टीकरण असे दिले जाते, की अमेरिकन प्रेक्षक अधीर असतो. हे पटत नाही. डॅनिश प्रेक्षक मध्ये सहा महिने थांबला होता, आणि चिडून निघून गेला नव्हता. फरक थांबण्याच्या काळात नव्हता, दिलेल्या शब्दात होता. डेन्मार्कमध्ये गोष्ट मध्यावर थांबली आणि ती मध्यावर आहे असे दिसत होते. अमेरिकेत तिला शेवटाचे रूप दिले आणि मग तो शेवट काढून घेतला. त्यातही जाहिरातीने ‘कुणी मारले?’ हा एकच प्रश्न प्रेक्षकाच्या हातात दिला होता. जो प्रश्न हातात द्याल, त्याच्याच उत्तराने तुमचा हिशेब होणार. त्याच मालिकेत मिशेल फोर्ब्स यांनी उभी केलेली शोकाकुल आई मनाला भिडणारी आहे. पण कोडे सोडवायला बसलेल्या माणसाला शोक हा उशीर वाटतो.

याच्या उलट घडलेलेही अमेरिकेने पाहिले आहे. १९९० साली ‘ट्विन पीक्स’ या मालिकेने ‘लॉरा पामरला कुणी मारले?’ हा प्रश्न देशाला विचारला. तिच्या निर्मात्यांना उत्तर देण्याची घाई नव्हती. वाहिनीच्या दबावाखाली नोव्हेंबर १९९० मध्ये खुनी उघड झाला, आणि उत्तर मिळताच प्रेक्षक पांगला. पुढच्या वर्षी मालिका बंद पडली. म्हणजे उत्तर लांबवले तरी शिक्षा आणि लवकर दिले तरी शिक्षा. या दोन उदाहरणांवरून एवढे म्हणता येते, की ‘खुनी कोण’ या एकाच खुंटीवर मालिका टांगली, तर खुंटी कधीही काढली तरी मालिका पडते. ‘फॉरब्रूडेल्सेन’ पडली नाही, कारण तिचे वजन तीन खुंट्यांवर विभागलेले होते.

आक्षेप

या मालिकेवर घेतलेले आक्षेप बिनबुडाचे नाहीत, आणि स्तुतीच्या भरात ते बाजूला सारणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप चकव्यांचा. रानात माणसाला चकवा लागतो, तो त्याच झाडापाशी पुन्हापुन्हा येतो. तसे इथे दर दोन-तीन भागांनी नवा संशयित येतो, भागाच्या अखेरीस त्याच्यावर प्रकाश पडतो आणि पुढे तो विझतो. आठव्या-नवव्या भागापर्यंत सराईत प्रेक्षकाला हे गणित कळते : भाग अजून इतके उरले आहेत, त्या अर्थी हा नव्हे. पुढच्या मधल्या भागांत कथा काही वेळा नुसती वेळ काढते, हे मान्यच केले पाहिजे. मात्र चकव्यांपैकी जे माणसाला उद्ध्वस्त करून जातात, रामाचा आणि हार्टमनचा, ते खरे चकवे नव्हेतच. तिथे कथा पुढे सरकते, फक्त खुन्याच्या दिशेने नाही.

दुसरा आक्षेप खुन्याच्या हेतूचा. वीस भागांच्या ओझ्याला तो हेतू पेलत नाही, असे अनेकांना वाटले. मलाही तो पुरता पटत नाही. पण तो कुठून येतो, बाहेरून की आतून, हे पाहिले की रामावर संशय घेणाऱ्या नजरेला मिळालेले उत्तर म्हणून त्याचे महत्त्व कळते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. ज्या मुलीसाठी हे सारे चालले आहे, ती नान्ना कुठे आहे? तिच्याविषयी आपल्याला तिची गुपिते कळतात. ती कशाला हसत असे, मैत्रिणींशी काय बोलत असे, पुढे काय करणार होती, हे फार थोडे कळते. सुंदर तरुण मुलीच्या मृतदेहाने कथा सुरू करायची आणि तिच्या चारित्र्याची चौकशी हाच तपास समजायचा, हे या कथाप्रकाराचे जुने पाप आहे. ‘फॉरब्रूडेल्सेन’ त्यातून सुटत नाही. ती एवढेच करते, की त्या चौकशीने आईबापांना काय होते ते दाखवते. आपल्या मुलीविषयी परक्या माणसाकडून नवीन काही ऐकताना पेर्निलेच्या चेहऱ्यावर दुःखापेक्षा अपमान अधिक दिसतो. मुलगी दुसऱ्यांदा हिरावून घेतली जात आहे, हे तिला उमगलेले असते.

पुढची दोन पर्वे, २००९ आणि २०१२ची, प्रत्येकी दहा भागांची आहेत. एकात अफगाणिस्तानातून परतलेले सैनिक, दुसऱ्यात आर्थिक मंदी आणि एक बलाढ्य उद्योगसमूह. दोन्ही अधिक आटोपशीर आहेत आणि दोन्ही पहिल्याइतकी मनात राहत नाहीत. तिसऱ्या पर्वाच्या शेवटी सारा लुन जो टोकाचा निर्णय घेतात, त्यावर प्रेक्षकांत फूट पडली. काहींना तो पात्राशी द्रोह वाटला, काहींना तोच अटळ वाटला. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. पहिल्या पर्वात या बाईंनी एका उत्तरासाठी संसार, मुलगा आणि सहकारी गमावलेला आपण पाहिला आहे. उत्तराची किंमत कायदा मोजू शकत नाही असे जिला वीस दिवसांत कळले, ती अखेर कायद्याबाहेर पाऊल टाकते, यात विसंगती नाही. ते पटणे वेगळे आणि आवडणे वेगळे.

मत आणि मुदत

या कथेची वाट आता आपल्या दारापर्यंत आली आहे. तिच्यावर आधारलेली ‘सर्च : द नैना मर्डर केस’ ही हिंदी मालिका २०२५ साली आली. रोहन सिप्पी यांचे दिग्दर्शन, कोंकणा सेन शर्मा तपास अधिकाऱ्याच्या भूमिकेत, आणि घटनास्थळ नवी मुंबई. तीही अंशतः भरती आणि खाडी मागे हटवून वसवलेली भूमी. आमागरच्या ओसाड कडेला हे ठिकाण शोभून दिसते. पण एका दिवसाला एक भाग, असे वीस भाग, ही मूळ मालिकेची मुदत आजच्या एका बैठकीत सारे भाग संपवणाऱ्या प्रेक्षकाला कुणी देऊ करील असे वाटत नाही. सारे भाग एकदम हाती आले, की मत बनवायला आणि त्या मताला लाज वाटायला मध्ये वेळच उरत नाही. रामावर संशय घेतला आणि तासाभरात तो मोकळा झाला, तर प्रेक्षकाने त्याला आठवडाभर दोषी धरले असे होतच नाही. कथा तीच राहील, पण प्रेक्षकाच्या हातून घडलेली चूक तिच्यातून निघून जाईल.

तीन देशांतली मते शेजारी ठेवली, की एक गोष्ट स्पष्ट होते. प्रेक्षकाचे मत मालिकेच्या गुणदोषांइतकेच त्याला मिळालेल्या मुदतीतून आणि त्याच्या हाती दिलेल्या प्रश्नातून तयार होते. डेन्मार्कला अकरा महिने आणि स्वतःचे शहर मिळाले. ब्रिटनला दहा शनिवार आणि एक अनोळखी भाषा मिळाली. अमेरिकेला एक प्रश्न आणि एक खोटा शेवट मिळाला. म्हणून ‘लोकांना संथ कथा आवडत नाही’ असे जे निर्मात्यांकडून नेहमी ऐकू येते, ते या पुराव्यावर टिकत नाही. लोक थांबतात. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याच्या स्वयंपाकघरात वीस रात्री बसून राहण्याचीही त्यांची तयारी असते. त्यांना फसवले मात्र जाता कामा नये.

खुन्याचे नाव एकदा कळले की कळले. ते पुन्हा उपयोगी पडत नाही. नान्नाच्या घरातले स्वयंपाकाचे टेबल, त्याच्यावरचा दिवा आणि त्या उजेडात एकमेकांशी न बोलता बसलेले दोघे, हे दुसऱ्यांदा पाहतानाही तसेच राहते. प्रेक्षकाने मालिकेविषयी शेवटचे मत बनवायचे असेल, तर ते या दुसऱ्या पाहण्यानंतर बनवावे. आणि त्या वेळी रामा शाळेच्या दारातून आत येताना दिसला, की आपण पहिल्या खेपेला त्याच्याकडे कसे पाहिले होते ते आठवून पाहावे.